तांदळावर घेतलेला आळ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते मोठ्या आईचे, म्हणजे माझ्या थोरल्या काकूचे. मध्य प्रदेशातल्या वारासिवनीच्या राइस मिलमध्ये तिने वीस वर्षं तांदूळ निवडला, आणि तिच्या मजुरीवर मी आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. झालो. मूठभर तांदूळ नाकाशी धरून तो नवा की जुना, कुठे ओल लागली आहे, हे ती सांगायची. काम सोडल्यावरही नवा माल आला की मिलचे मुनीमजी तिला बोलावून घेत.

जबलपूरला बिअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मला नोकरी लागली, तेव्हा मी तिला भीतभीतच सांगितलं. ती म्हणाली, "लोकं पैसे देऊन कडू पानी पेतात, तं चांगलं तरी पाज त्याहिले. पयले सोता हुंगत जाय." पुढे आमच्या तांदळाच्या बिअरसाठी कणी, म्हणजे तुटका तांदूळ, तिच्याकडूनच येऊ लागली. प्रत्येक पोतं ती स्वतः पाखडून, हुंगून पाठवायची.

आमच्याकडे टाक्या चारच. मोठ्या कंपनीची एखादी बाटली बिघडली तर ती हजारात हरवते. आमची एक टाकी बिघडली की दर चौथा ग्लास बिघडलेला, आणि पिणारे सगळे एकमेकांच्या ओळखीचे. म्हणून दर वेळी टाकीचा व्हॉल्व्ह खोलून, आतली रबरी रिंग काढून घासायची, हे माझं काम होतं. उन्हाळ्यात एकदा मी ते केलं नाही. घाई होती असंही नाही, कंटाळा आला होता. नुसतं गरम पाणी सोडलं आणि वहीत 'साफ' लिहिलं.

ती बिअर आंबली. गिऱ्हाइकं अर्धे ग्लास ठेवून उठली. मालकांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की या खेपेच्या कणीला कुबट वास होता. कणी तर आम्ही तासभर उकळतो, आंबटपणा शिरतो तो त्यानंतर. हे मी शिकलो होतो, ते शिकले नव्हते. त्यांनी मोठ्या आईला फोन करून वासाचं सांगितलं आणि कणी बंद केली.

दुसऱ्या दिवशी मी व्हॉल्व्ह खोलला. रिंगच्या मागे पांढरट, चिकट, आंबट वासाचा थर होता. मी रिंग बदलली. पुढच्या वेळी कणी बाजारातली होती आणि बिअर उत्तम निघाली. मालक म्हणाले, "देखा, चावल ही था." मी मान डोलावली.

दिवाळीत घरी गेलो. मोठी आई सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, शेजारी घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिने मूठ नाकाशी नेली, थांबली, आणि सुनेपुढे धरली. "पाह्य वं, वास येते का?"

वहिनी हसत सासूला म्हणाली, "आता मिलमंदी मलेच धाडा, मामी."

मोठी आई हसली नाही. मला म्हणाली, "माह्यं नाक गेलं, बाबू. तुह्या मालकाचा फोन आला तवा उरलेलं पोतं धा खेप हुंगलं. मले काहीच वास आला नाई."

मुनीमजींनी बोलावलं तरी ती आता जात नाही, असं वहिनीने मागाहून सांगितलं. मोठ्या आईने वाढलेला भात मी जेवलो आणि जबलपूरला परत आलो.

नंतर दोनदा फोन केला. ती आधी माझं खाणंपिणं विचारते, मग मी त्याचंच बोलत बसतो. शेवटी पत्र लिहिलं. माझी शाळा हिंदीतली, मराठीत पत्र लिहायची पहिलीच वेळ. जसं बोलतो तसंच लिहिलं.

"मोठी आई,

तुह्या तांदळाले वास नव्हता. तुले आला नाई, कारन तो नव्हताच. मी टाकी धड धुतली नाई अन् मालकाले खोटं सांगतलं. आज सकाळी त्याहिले खरं सांगून आलो. कामावर ठेवतात का नाई, मालूम नाई. माफ कर म्हनाची माही हिंमत नाई.

या डबीत ते जुनी रिंग हाये. मी फेकली नव्हती. झाकन उघड अन् हुंगून पाह्य. वहिनीजवळ देऊ नको, तूच पाह्य. मंग मिलमंदी जाय."