आडवा चमचा

नेज्मीकाकांनी जन्मभर शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर माझ्या चहाच्या दुकानात, खिडकीपाशी, ठाण मांडलं. फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत कोण जिंकणार याचा त्यांचा अंदाज बहुतेकदा खरा ठरायचा. आमच्या कुमयालीत तेवढ्यावर माणसाला डोक्यावर घेतात.

दर शुक्रवारी नमाज आटोपला की दुकान गच्च भरायचं. काका एकेक सामना घ्यायचे. "यांचा बचावपटू बाहेर बसलाय. पंच खडूस, पेनल्टी देणार. पाहुण्यांवर लावा." की निघाली मंडळी कोपऱ्यावरच्या पैजेच्या दुकानाकडे! माझ्या चहाचे पेले अर्धे तसेच. मी शिव्या घालायचो, पण ऐकतो कोण?

आमच्याकडे चहा पुरे झाला की चमचा पेल्यावर आडवा ठेवतात, मग मी पुन्हा ओतत नाही. काकांचा चमचा आडवा झाला की त्यांचं बोलणंही संपलं, हे सगळ्यांना ठाऊक. पण कुमयालीच्या सामन्यावर बोलल्याशिवाय तो कधी आडवा झाला नव्हता.

मोसमातला शेवटचा सामना डेमिरओवाच्या संघाशी होता. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो, हरलो तर खालच्या श्रेणीत. आमचा गोलकीपर तायफुन हा काकांचा जावई. संघ घसरला की त्याचा करार संपणार, आणि इकडे त्याच्या बायकोचे, काकांच्या नेर्मिनचे, दिवस भरत आलेले.

गुरुवारी दुकानात कुणी नसताना काका मला म्हणाले, "इस्मेत, तायफुनचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाहीये. इंजेक्शन घेऊन उभा राहणार आहे. डेमिरओवाला कळलं तर त्याच बाजूला मारत सुटतील. तोंड उघडलंस तर याद राख."

"काका, माझं सोडा. उद्या तुम्ही काय बोलणार?"

साखर कधीच विरघळली होती, तरी काका चमचा ढवळतच राहिले.

शुक्रवारी काकांनी सगळे सामने घेतले. आपला तेवढा उरला. जेलाल न्हावी पुढे सरकला. "हं, काका. आता आपला बोला."

खोटं बोलावं तर मंडळींचे पैसे बुडणार, खरं बोलावं तर जावई. काकांनी चमचा उचलला, पुसला आणि पेल्यावर आडवा ठेवला.

एकेक जण उठून कोपऱ्यावरच्या पैजेच्या दुकानाकडे गेला. जेलाल मात्र दारातच फोनवर खिदळत होता. त्याचा साडू डेमिरओवाचा. "अरे, सासराच गप्प बसलाय! गोलकीपर धड नाही तुमच्या नशिबानं!" मी त्याच्या हातातला फोन हिसकावला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

शनिवारी सामना दुकानातल्या टीव्हीवर लावला होता. डेमिरओवाने पहिल्या मिनिटापासून लांबून फटके मारायला सुरुवात केली. डावीकडचे दोन तायफुनने अडवले. उजवीकडे उंच आलेला एक खांबाला लागला, आणि त्याचा हात अर्ध्यातच थांबलेला अख्ख्या दुकानानं पाहिला. त्यानंतर सगळे फटके त्याच कोपऱ्यात! पोरगा डाव्या हाताने उजवीकडे झेपावत होता. काका खुर्चीची कड धरून पुटपुटत होते, "संपव रे बाबा, शिट्टी मार."

शिट्टीच्या जरा आधी चेंडू उजव्या कोपऱ्यात वरून आत गेला.

आणि माझं दुकान आनंदानं उसळलं! आपल्या गावावर गोल झाला आणि हे निलाजरे डेमिरओवावर लावलेल्या पैजेच्या चिठ्ठ्या नाचवत होते! जेलाल तर खुर्चीवर चढला. पडद्यावर तायफुन खांदा धरून गवतात पडला होता.

तेवढ्यात गलका थांबला. दारात नेर्मिन उभी होती, पोटावर हात ठेवून. पुरुषांच्या या दुकानात बाई कधी पाऊल टाकत नाही. ती आत आली, सगळ्यांच्या हातातल्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि बापासमोर उभी राहिली.

"बाबा, तुम्ही सांगितलंत यांना?"

"नाही गं पोरी. शपथ. एक अक्षर बोललो नाही."

तिने टेबलाकडे पाहिलं.

"चमचा आडवा ठेवलात?"

काकांनी मान खाली घातली. ती तशीच निघून गेली.

काका अजूनही येतात, खिडकीपाशीच बसतात. सामन्यांवर बोलत नाहीत. चहा बिनसाखरेचा मागतात आणि दर वेळी बजावतात, "इस्मेत, चमचा नको देऊस."