झाकणावरचा हात

माझा बजाजनगरचा मित्र हा अख्ख्या मराठवाड्यातला सगळ्यात उपाशी खादाड आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करते आहे. पाणीटंचाईवर मी जी आंदोलनाची पत्रकं काढते त्यांतली काही विधानं घाईत झाली असतील, हे नाही. एका बैठकीत अकरा भाकरी संपवणारा हा माणूस, सोबतचा एक जण जरी यायचा राहिला असेल, तर ताटाला बोट लावत नाही. घराणं मेंढरांमागं फिरणारं. दुष्काळात चाऱ्यासाठी मुलूख पालथा घालायचा आणि संध्याकाळी तळावर शेवटचं मेंढरू मोजून होईपर्यंत भाकर मोडायची नाही, हा बापाचा कायदा. पोरगा वाळूजच्या कंपनीत मशीनवर लागला, मेंढरं सुटली, कायदा सुटला नाही. हॉटेलात शिरला की दोन बोटं पुढं करून तो आम्हाला मोजायचा. आम्ही तिघंच: तो, मी आणि गुलमंडीतल्या कापडदुकानदाराची लेक नसरीन. तिच्या भावाच्या वलिम्यात, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणात, तर ह्यानं अख्खं दस्तरखान, सगळी पंगतच अडवली, कारण तिचे मामू हात धुवायला गेले होते. पन्नास माणसं बिर्याणीचा घास हातात धरून बसलेली. मामू आले, त्यांना वाटलं आपला सत्कार आहे, त्यांनी सगळ्यांना वाकून सलाम केला.

जालना रोडवर ते नवं आशियाई हॉटेल उघडलं तेव्हा मी बहिष्काराचं पत्रक लिहायला घेतलं होतं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, शहराचं नाव बदललं पण टँकर काही बदलला नाही, आणि ह्या काचेच्या महालात शोभा म्हणून भिंतीवरून दिवसभर पाणी ओघळतंय! पण मित्राला तिथले मोमो आवडले आणि माझं पत्रक पहिल्याच परिच्छेदात वारलं. चॉपस्टिक हातात घेऊन तो म्हणाला, "ह्या काड्या दात कोरायला लई मोठ्या अन् मेंढरं हाकायला लई लहान." रामेनला तो रश्श्यातल्या शेवया म्हणायचा आणि तीन-तीन वाडगे रिचवायचा. मात्र मोमोंची बांबूची टोपली आली की त्याचा हात झाकणावर. कारण मी उशिरा येणार हे ठरलेलं. कुठं मोर्चा, कुठं निवेदन. मी दारात दिसेपर्यंत तो हात हलायचा नाही. "पाणी टायमावर द्या म्हणून बोंबलती, अन् सोता कवा येती गं टायमावर?" एवढं बोलून झालं की मगच झाकण उघडायचं.

मग कंपनीनं त्याला गुजरातेत पाठवलं. बस सहाची होती. चार वाजता त्याच हॉटेलात जेवायचं ठरलं, तिघांचं शेवटचं. मी त्या दुपारी पाण्याच्या टाकीखाली धरणं देऊन बसले होते. पाणीपुरवठ्याचे साहेब येतात, आत्ता येतात, एवढंच चाललेलं. मित्राचा फोन आला, "निघाली का?" मी म्हणाले, "निघालेच." असं तीनदा म्हणाले. साहेब आलेच नाहीत. मी पोचले तेव्हा सव्वासहा झाले होते. टेबलावर तीन टोपल्या, तिन्ही झाकलेल्या, आणि नसरीन एकटी.

"गेला?"

"गया. भूकाच गया," ती म्हणाली. "मैं दो बार बोली उसकू, खा ले बाबा. बोला, एक कम है."

मी त्याला फोन लावून शिव्याच घातल्या. मला दुसरं येतं काय? त्यानं सगळ्या ऐकून घेतल्या. मागं बसचा खडखडाट. मग म्हणाला, "जाऊ दे. मागं राहिलेल्या मेंढराला कुणी बोलत नसतं." आणि लगेच, "पाणी सुटलं का?"

नाही, म्हटलं.

तिकडच्या मेसमध्ये म्हणे शिट्टी वाजली की ज्यानं त्यानं आपलं ताट उचलायचं. कोण आलं, कोण राहिलं, बघायला कुणी नाही. आता तीन भाकरींतच पोट भरतं, असं सांगतो. इकडं जालना रोडवर तसली आणखी चार हॉटेलं झाली. आम्ही दोघी त्या जुन्यातच जातो. मी आता वेळेच्या आधी पोचते, हे त्याला कळवलं तर खरं वाटणार नाही. टोपली येते. झाकणाच्या कडेनं वाफ निघत राहते, मग निघेनाशी होते.

"अब उठा हात," नसरीन म्हणते.

"थांब की जरा," मी म्हणते.