उपवासाला चालतं

बऱ्याच घरांत फ्रीजवर एक डबा असतो. त्यात रबरबँड कुणी मुद्दाम जमवत नाही, तरी तो कायम भरलेला! माझ्या डोक्यात रविवारच्या वर्गाचे किस्से असेच साठलेत. आठवडाभर मी सांगलीत बँकेच्या काउंटरवर बसते. तिथं येणारा माणूस एकतर चिडलेला असतो नाहीतर चिडण्याच्या बेतात. रविवारी मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, संपली की चर्चच्या मागच्या पडवीत दुसरी-तिसरीच्या पोरांना धर्म शिकवते. देव कोण, पाप म्हणजे काय, कन्फेशन, म्हणजे फादरांपुढं पापांची कबुली, कशी द्यायची, पहिलं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, कसं घ्यायचं, सगळं.

आधी हे सिस्टर करायच्या. त्यांची बदली झाली तेव्हा आमचे फादर लिओ म्हणाले, "दोन रविवार सांभाळ, तोवर बघतो कुणीतरी." फादर अजून बघतायत!

फादर मूळचे वसईचे, पण भडंग खाऊन खाऊन पक्के सांगलीकर झालेत. त्यांचं प्रवचन आसपास प्रसिद्ध आहे, कारण ते सुरू झालंय हे कळेपर्यंत संपतं. "प्रवचन चहासारखं असावं," ते म्हणतात. "कटिंग द्यावा, किटली नाही!"

*

पहिल्याच रविवारी मी आदाम-एवा घेतले. त्यांनी देवाचं ऐकलं नाही, फळ खाल्लं, आणि ते मूळ पाप आपल्या सगळ्यांना चिकटलं. हा धडा मला स्वतःला लहानपणी कधी पटला नव्हता, त्यामुळे मी घाईघाईनं पुढं सरकत होते.

तेवढ्यात अथर्वनं हात वर केला. अथर्वची आई स्टेला नर्स. वडील फौजेत, माधवनगरच्या पुढं घरचा ऊस. स्टेला आमच्या चर्चची, सासर हिंदू. त्यामुळे पोरगा बाप्तिस्म्यात अँथनी आणि बाकी सगळीकडे अथर्व.

"टीचर, फळ त्यांनी खाल्लं, आन् भोगायचं आमी?"

मी तोंड उघडेपर्यंत त्याचं त्यालाच उमगलं.

"हां, कळलं! आमच्या बांधासारखं! भांडला आजा, आन् चुलत्याच्या पोरांशी बोलायचं न्हाई आमी!"

हे मी फादरांना सांगितलं. ते म्हणाले, "सेमिनरीत आम्हाला हे समजायला एक अख्खी टर्म लागली होती."

*

कम्युनियनला देतात ती ओस्ती म्हणजे पिठाची पातळ, गोल, बिनचवीची चकती. पोरांना सराव म्हणून आधी साधी, अभिषेक न केलेली देतो. फादर एकेकासमोर येणार आणि म्हणणार, "ख्रिस्ताचं शरीर." पोरानं "आमेन" म्हणायचं आणि घ्यायची. इतकं सोपं.

वर्गातल्या सॅमीची ती टाळूला चिकटली. त्यानं बोट घालून काढली, नीट बघितली आणि परत आत ठेवली. "टीचर, ह्येला चवच न्हाई!"

"चवीसाठी नसतंच ते," प्रिसिला म्हणाली. प्रिसिला म्हणजे आमच्या वर्गातली लहान पोप.

मग अथर्व पुढं आला. "ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले.

"थँक्यू."

"आमेन म्हणायचं, बाळा."

"आमेन. थँक्यू."

मी त्याला बाजूला घेऊन तीनदा समजावलं. पोरगं हुशार, पण ह्या एका गोष्टीला बधेना. "आज्जी म्हणती, कुणी खायला दिलं तर थँक्यू म्हणायचं. न्हाई म्हटलं तर फटका दिती."

*

ती आज्जी मग एकदा स्वतःच आली. पडवीच्या दारात उभी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. नातवाला काय शिकवतात ते बघायला. आत यायला तयार नाही. चर्चचा उंबरा तिनं आजवर ओलांडला नव्हता, नातवाच्या बाप्तिस्म्यालासुद्धा नाही. मुलानं पसंत केलेली ही सून तिनं घरात घेतली, पण तिचं नाव कधी तोंडात घेतलं नाही. स्टेलाला ती नऊ वर्षं "नर्सबाई" म्हणत आलीय. "नर्सबाई, डाळ शिजली का?" स्टेला हे हसत सांगते, पण ते हसू मला कधी खरं वाटलं नाही.

त्या दिवशी दहा आज्ञा चालू होत्या. "आपल्या आईबापांचा मान राख," पोरं ओरडली.

दारातून आवाज आला, "आन् आज्जीचं काय?"

"आजी आईबापांच्याही वरती, आजी," मी म्हणाले. मला आपलं वर्गाकडे वळायचं होतं.

"मग लिवा की तसं!"

पुढच्या रविवारी फादरांनी परीक्षा घेतली. अथर्वनं धडाधड म्हटल्या. एक, दोन, तीन... दहा, अकरा.

"अकरावी कुणी दिली?" फादरांनी विचारलं.

"आज्जीनं!"

"मग पाळावी लागेल," फादर म्हणाले.

*

कन्फेशनच्या तयारीला सॅमी रडकुंडीला आला. त्याला एकही पाप आठवेना.

"माझी भरपूर आहेत," प्रिसिला म्हणाली. "एक घे."

"कुठलं?"

"भावाच्या पाणीबाटलीत थुंकले होते."

सॅमीनं विचार केला. "अजून मोठं न्हाई?"

खऱ्या कन्फेशनच्या दिवशी, म्हणजे कम्युनियनच्या आदल्या संध्याकाळी, पोरं एकेक आत जाऊन आली आणि बाहेर लगेच हिशोब सुरू. कुणाला प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मारिया' प्रार्थना मिळाल्या, प्रिसिलाला पाच. सॅमीला एक! सॅमी भडकला. "म्हंजे माजी पापं हलकी हायेत व्हय?" आणि गडी परत रांगेत जाऊन उभा राहिला.

आत काय झालं ते फादर मेले तरी सांगणार नाहीत. सॅमी मात्र कॉलर ताठ करून बाहेर आला. "सहा!" त्यानं प्रिसिलाला सांगितलं.

*

आता कम्युनियनचा दिवस.

अथर्वचे वडील त्यासाठी सुट्टी काढून आले होते. परत जायची गाडी दुसऱ्याच दिवशी. पण खरी बातमी वेगळीच होती. आज्जी येणार होती, चर्चच्या आत! मुलानं तिला कसं पटवलं देव जाणे. तिची एकच अट होती आणि ती विचारायला ती आठवडाभर आधी माझ्याकडे येऊन गेली होती. "पोराला उपाशी ठेवायचं न्हाई."

"छे हो आजी," मी म्हणाले. "कम्युनियनच्या आधी फक्त तासभर उपवास असतो."

"उपास व्हय? मग काय न्हाई," आजी म्हणाली आणि समाधानानं गेली. मीपण समाधानानं घरी गेले. आम्हा दोघींनाही सगळं कळलं होतं!

मिस्सा नऊची. नऊला दहा कमी असताना मी पडवीच्या टोकाला प्रिसिलाच्या डोक्यावरची जाळीची ओढणी पिनांनी बसवत होते. तिनं तोंड हलवलं म्हणून मी ओरडले, "प्रिसिला, काय खातेस?"

तिला बोलता येईना. तोंड भरलेलं. मी मागं वळले. पांढऱ्या कपड्यांतली माझी अख्खी रांग तोंड हलवत उभी होती आणि रांगेच्या टोकाला हिरव्या इरकलीतली आज्जी, हातात स्टीलचा डबा. ती सॅमीला शेवटचा चमचा भरवत होती.

"आजी! उपवास आहे त्यांचा!"

"व्हय की! म्हणून तर साबुदाण्याची खिचडी केली," आजी म्हणाली. "पाटंपासनं राबतीया. आवं, उपासाला चालतं!"

आमचं कम्युनियन एरवी साडेनऊलाच येतं. तास काही भरत नव्हता. मी वेदीमागच्या खोलीत धावले. फादर पांढरा झगा चढवत होते.

"फादर, पोरांनी खाल्लं!"

"काय?"

"साबुदाण्याची खिचडी. सगळ्यांनी. अथर्वच्या आजीनं दिली."

"कूट घातलं होतं?"

"फादर!"

त्यांनी पडदा बाजूला केला. पहिल्या बाकावर आजी नुकतीच येऊन बसत होती, पदर सावरून, मांडीवर अर्धा रिकामा डबा. एका बाजूला युनिफॉर्ममधला मुलगा, दुसऱ्या बाजूला स्टेला. स्टेलाच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी बघितला नव्हता आणि तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. आज नाही म्हणावं, तर वडील उद्या जाणार. आणि आजीला काय सांगावं? तुमच्या हातचं खाल्लं म्हणून तुमच्या नातवाचं बिघडलं? ती पुन्हा ह्या दारात पाऊल ठेवणार नाही!

फादरांनी दारावरच्या घड्याळाकडं बघितलं. "चल," ते म्हणाले.

त्या दिवशी फादरांनी प्रवचनाला आदामापासून सुरुवात केली.

लोकांना वाटलं, सुरुवात आहे. पण आदामानंतर बांधाचं भांडण आलं, मग नोहा आला, नोहाच्या तारवात एकेक प्राणी चढला. फादर मधूनच घड्याळ बघत आणि आणखी दोन प्राणी चढवत! पेटीवाला माझ्याकडं वळून बघू लागला. फादर मोशेपाशी पोचले, आज्ञा एकेक करून सांगितल्या आणि अकरावीही सांगितली. पहिल्या बाकावर आजीनं जोरात मान हलवली. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी घोरत होतं. मग भजन झालं, सगळ्या कडव्यांसकट.

आणि मग पोरं उठली. दारावरचं घड्याळ दहाला टेकलं होतं.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," अथर्व म्हणाला. जरा थांबला. पहिल्या बाकाकडं बघितलं. "थँक्यू."

मिस्सा संपल्यावर बाहेर फोटो चालू होते. फादर घाम पुसत आले तशी आजी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"फादर, बोलता ग्वाड. पर लय बोलता! बरं झालं म्या पोरास्नी खिचडी चारली. न्हाईतर तुमच्या ह्या भाषणात चक्कर यून पडली असती लेकरं!"

मी खाली बघितलं. फादरांनी रुमाल खिशात ठेवला.

"खरं आहे, आजी. डब्यात काही उरलीय का?"

"हाय की!" आजीनं डबा उघडला, मागं वळली आणि हाक मारली, "स्टेला, फादरास्नी वाढ गं."