रानात काय काय दिसले

कार्तिकातले कोवळे ऊन डोंगरउतारावर पडले की वाळत्या गवताला एक गोडसर, उबदार वास सुटतो. पेठला मोटारीतून उतरून सुरगाण्याच्या डोंगरवाटेला लागलो तेव्हा तो वास असा काही छातीत भरला, की नाशकाची शाळा, खडू, फळा आणि तपासायच्या राहिलेल्या वह्या एका दमात मागे पडल्या. चौतीस-पस्तीस सालची ती दिवाळीची सुट्टी. खांद्यावर पडशी, पडशीत दशम्या, एक घोंगडी आणि एक कोरी वही. सोबतीला कोणी नाही. चार दिवस एकट्याने रान तुडवायचे आणि जे जे वन्य दिसेल ते ते टिपून ठेवायचे, असा माझा बेत होता. घरच्यांनी मला वेड्यात काढले. पण थोडेसे वेड लागल्यावाचून का कोणी सुखी होतो?

आणि काय सांगू तुम्हांला, त्या रानाने मला दोन्ही हातांनी दिले! उंबराच्या झाडावर धनेशाची जोडी आपल्या त्या अवजड चोची सावरीत फळे खात बसलेली दिसली. एका वळणावर भेकर माझ्यापुढे येऊन थबकले. त्याच्या ओल्या डोळ्यांत भीतीपेक्षा कुतूहलच अधिक होते, आणि बहुधा माझ्याही. कड्यावरची गिधाडे पंख न हलवता तासन्‌तास आकाशात तरंगत होती. जगण्याला एवढी कमी धडपड पुरते, हे आम्हां शहरवासीयांना कोणी शिकवले असते तर!

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या चिखलात बिबट्याच्या पावलांचे ताजे ठसे दिसले आणि माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. ते वितीने मोजले, वहीत काढले. जरा वर करवंदीच्या जाळीपाशी एक तांबडी गाय नुकत्याच जन्मलेल्या वासराला चाटीत होती. क्षणभर कौतुकाने पाहिले आणि पुढे निघालो. तिची नोंद मात्र केली नाही. गाय काय, नाशकात गल्लोगल्ली दिसते. तिच्यासाठी का कोणी एवढे डोंगर चढतो?

दुपारी एका पाड्यावर पोहोचलो. पहिल्याच घराच्या अंगणात एक बाई उभी होती, चांगुणा तिचे नाव. नवरा देवळालीच्या छावणीत गवत कापायला गेलेला, घरी ती एकटीच. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, “रानात काय काय दिसलं, दादा?” आपण जशी घरची खुशाली विचारतो, तसा रानातून आलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारायची तिकडे रीत आहे. मला तर तेच हवे होते! कोणीतरी विचारणारे भेटले म्हणून मी खुलून गेलो. धनेश झाले, भेकर झाले, गिधाडे झाली, वानरांची टोळी झाली. ती एकेका नावाला मान हलवीत ऐकत होती. शेवटी मोठ्या ऐटीत मी बिबट्याच्या ठशांचे वर्णन केले, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“अन् गाय? तांबडी गाय नाय दिसली कुठं?”

मी सांगितले. जाळी आणि ठसे यांच्यात किती थोडे अंतर होते ते मीच तर पाहिले होते! कालपासून तिची गाभण गाय घरी आली नव्हती. तीच एक गाय, पहिलेच वेत. “मग आधीच का नाही विचारलंस?” मी म्हणालो. “रानातून आलेल्याचं बोलणं मधी तोडू नये,” असे म्हणून तिने कोयता कमरेला खोचला आणि ती वाटेलाही लागली. मला माझी अशी लाज वाटली की पडशी तिथेच टाकून मी तिच्यामागे धावलो.

चांगुणा चालत नव्हती, धावतही नव्हती. ती चढ पिऊन टाकीत होती. उन्हे कलली होती. जाळीपाशी पोहोचलो तेव्हा गाय शिंगे रोखून उभी होती, वासरू तिच्या पोटाखाली, आणि वीस-पंचवीस हातांवरच्या खडकावर तो बसला होता. ज्याच्या दर्शनासाठी मी तीन दिवस देव पाण्यात घातले होते, तो समोर होता, आणि त्याने जावे याखेरीज माझ्या मनात दुसरी इच्छा नव्हती. चांगुणा गाईच्या पुढे जाऊन उभी राहिली. कोयता तिने उगारला नाही. घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावे तशी ती बोलली, “बाबा, तुझं रान लय मोठं हाय. आमची एकच हाय. जा आता.”

बिबट्याने आम्हांला नीट पाहून घेतले, शेपटीचे टोक एकदा हलवले आणि खडकामागे उतरून तो दिसेनासा झाला. त्याला ते शब्द पटले की दोन माणसांची अडचण वाटली, कोण सांगणार?

वासरू मी खांद्यावर घेतले. मागून गाय त्याला चाटीत येत होती आणि तिची खरखरीत जीभ दर चार पावलांनी माझ्या कानावरून फिरत होती. मास्तरकीच्या इतक्या वर्षांत कोणी माझे कान असे धुऊन काढले नव्हते! चांगुणा हसली, वाटभर हसत राहिली, आणि मीही हसलो. आयुष्यात मी इतका सुखी क्वचितच झालो असेन.

अंगणात तिने वासरू माझ्या खांद्यावरून उतरवून घेतले, त्याचे चारही पाय चाचपून पाहिले, आणि मग गाईच्या गळ्यात हात घालून ती हमसून हमसून रडू लागली. दुपारी मी तिला धनेशाची चोच किती मोठी असते ते सांगत होतो, तेव्हा हेच रडे आवरून ती मान हलवीत होती.