बेटावरच्या घराचं वरलं दार

आमच्या वन्संसंगं भांडायला गेलेला मानूस शेवटाला त्यांच्याच हातची भाकरी खाऊन उठतो. मी स्वतः कैक येळा उठलेय. वन्सं म्हंजी सुलाबाई, माझ्या मालकाची, नानासोंची, थोरली बहीण. मालक तिला आक्का म्हणत्यात आन तिच्यापुढं मान वर करत न्हाईत. सगळा आवाज काय तो माझ्यापुढं.

वन्संचं सासर आमच्याच गावात, पर गावात न्हाई. कृष्णेच्या मधोमध बेट हाय, तिथं. त्यांच्या आजेसासऱ्यानं बेटावर वांगी लावली, वांग्यांची राखण करायला खोप घातली आन पुढं त्या खोपीचं घर केलं. छातीभर दगडी भिंती, वर मातीच्या. दारं दोन. नदी येती त्या अंगाला वरलं दार, नदी जाती त्या अंगाला खालचं, अगदी समोरासमोर. तो म्हातारा म्हणायचा म्हणं, "मी तिच्या वाटंत घर बांधलंय, तर तिला जायला वाट नको का?" पूर आला की पाणी वरल्या दारानं आत यायचं आन खालच्या दारानं निघून जायचं. भिंती जागच्या जागी. पाणी वसरलं की चिखल उपसायचा, सारवायचं, चूल घालायची.

त्यासाठी पावसाळ्याआधी दोन्ही दारं आन खिडक्या उतरवायच्या आन काईलीत घालून काठावर आणायच्या. काईल म्हंजी गूळ शिजवायची ती भलीमोठी कढई. आमच्याकडं तीच नाव. गुऱ्हाळं बंद पडली, काईली मातर पाण्यावर फिरत्यात. मग एकेक दार, एकेक खिडकी गावात एकेकाच्या घरी ठेवायला द्यायची. आन रीत अशी, की घरवालीनं ती परत मागायची न्हाई, कुठं हाय म्हणून इचारायचं बी न्हाई. ज्याच्याकडं ठेवलंय त्यानं आपल्या मनानं, आपल्या डोक्यावरनं, दसऱ्याच्या आत आणून द्यायचं. जो आणंल त्याला नव्या चुलीवरचं पहिलं जेवण. वन्संची भरली वांगी खायची म्हणून लोक दार ठेवून घ्यायला भांडत्यात.

आता झालं काय, वन्संचा ल्योक राजवर्धन मिलिटरीत हाय. उन्हाळ्यात सुट्टीवर आला. बाप गेल्यावर आईनं एकटीनं दरसाल दारं काढायची, घालायची, त्याला काय ते बघवंना. सांगलीवरनं लोखंडी दारं-खिडक्या आणल्या, शिमिटात पक्क्या बसवल्या, जुन्या लाकडी गावात देऊन टाकल्या. कुणाला काय दिलं ते त्यालाच ठावं. जाताना आईला म्हणाला, "आता तुझी कटकट मिटली. पाणी चढलं की नुसतं कुलूप लावायचं आन मामाकडं जायचं."

श्रावणात पाणी चढलं. वन्संनी कुलूप लावलं आन आमच्याकडं आल्या. नदी आली दाराशी, दार बंद! मग ती काय करणार? वरली भिंत ढकलून आत शिरली. आमी सगळी काठावर उभी. भिंत बसली तवा वन्संनी कपाळाला हात लावला, आन लगीच म्हणाल्या, "दिसंल त्याला कुलूप लावतंय बघ माझं पोरगं. पहाऱ्यावर हाय नव्हं!" सगळी हसली. मला मातर त्यांच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं.

राजवर्धनचा फोन आला तर पोरगं रडाय लागलं. वन्संनी त्यालाच समजावलं. मग आमच्या सोप्यात बसून सगळ्यांदेखत बोलल्या, "भिंत घालता येती. पर लोखंड नको. जुनी दारं सगळी परत आली तर मी बेटावर जाईन. दसऱ्यापातूर एक जरी आलं न्हाई, तर समजीन की गावालाच माझं तिथलं घर नको. मग मी नानाकडंच राहीन." झालं. वन्सं एकदा बोलल्या की बोलल्या.

गाव कामाला लागला. भिंतीचे दगड पाण्यातनं काढले, माती तुडवली. जोतिबानं त्याच्याकडली खिडकी आणली, वर कोंबड्यांनी केलेली घाण निघता निघंना. बनुबाईनं खालचं दार आणलं, त्याच्यावर तिनं सगळा उन्हाळा पापड वाळवलेले. वन्सं त्या दाराचा वास घेऊन म्हणाल्या, "हिंग लय झालाय बाई तुझा." अशी एकेक वस्तू काईलीत बसून घरी गेली. सगळं आलं. वरलं दार मातर येईना.

वन्सं रोज बेटावर जायच्या, सारवायच्या, सांजच्याला परत यायच्या आन काठाकडं तोंड करून बसायच्या. इचारणार न्हाईत, रीतच तशी. त्यांचं तोंड मला बघवंना. राजवर्धनला इचारावं तर त्याचा फोन लागंना, म्हणून मी मालकाला म्हटलं, "आवं, कुणाकडं असंल वरलं दार?" तर म्हणाले, "मला काय ठावं? आन आली आक्का हितं राह्यला तर तुला काय जड झालीय व्हय?" आता सांगा, मी असं कवा म्हटलं? दोन दिस मी त्यांच्याशी बोलले न्हाई.

घट बसायच्या आधी घरातलं समदं अंथरूण-पांघरूण नदीला धुवायची आमच्यात पद्धत. वन्सं बेटावर गेलेल्या. मी त्यांच्या खोलीतली गादी काढली. भिंत पडल्यावर कडेगावला लेकीच्या बाळंतपणाला मी गेले हुते, तवा मालकानं बहिणीसाठी हौसेनं केलेला पलंग हुता तो. गादी उचलली आन मी खालीच बसले. विटांच्या चार थप्प्या, आन त्यांच्यावर आडवं घातलेलं वरलं दार! कडी-कोयंड्यासकट!

"धनी!" अशी हाक मारली की गोठ्यातली म्हस दावं तोडाय बघाय लागली. मालक आले, दार बघितलं, आन खुंटीवरची टोपी काढून उगाच झटकाय लागले. मी लय बोलले. म्हटलं, "बहिणीला तिच्याच दारावर निजवता, आन ती दार कवा येतंय म्हणून वाट बघती! लाज कशी न्हाई वाटत?"

ते खाली बघून म्हणाले, "राहे, भिंत पडली तवा मला वाटलं, आक्का आत असती तर? हितं असली की निदान रातीची झोप लागती गं मला." माझा सगळा राग पाण्यात गेला. वन्सं घरात हव्यात असं मलाबी वाटतंच की! त्यांच्याशिवाय मी भांडू कुणासंगं? पर मी म्हटलं, "आवं, त्यांनी घर गावाच्या हातात दिलंय. सगळ्या गावानं आणून दिलं, आन सख्ख्या भावानंच दाबून ठेवलं, असं व्हायचं का?" मालक उठले. पाणी आणून दार सोता धुतलं.

दुसऱ्या दिशी त्यांनी दार डोक्यावर घेतलं. गाव बघाय काठावर. काईल अशी झुकली की मी आई गं म्हणून डोळे मिटले, पर पोचलो. वन्सं वरल्या उंबऱ्यात उभ्या. मालक म्हणाले, "आक्का, गोठ्याच्या माळ्यावर हुतं बघ. इसरूनच गेलतो." लबाड मानूस! वन्सं नुसत्या हसल्या.

दार बसवलं. कडी वाजवून बघितली. दोन्ही दारं उघडली तर ह्या अंगाची नदी त्या अंगाला दिसाय लागली, आन आत असा गार वारा सुटला की बनुबाईनं फुगडीच धरली. मलाबी ओढलं. माझे गुडघे दुखत्यात, तरी मी घातली.

नव्या चुलीवरचं पहिलं ताट मालकांपुढं आलं. भरली वांगी, भाकरी, वर तूप. दोन घास खाल्ले आन म्हणाले, "आक्का, पुढल्या पावसाळ्याला दार कुणाकडं ठेवणार?"

"तुझ्याकडंच," वन्सं म्हणाल्या. त्यांनी आणखी एक वांगं वाढलं. "दारबी आन मीबी. पर गादी जरा जाड घाल बाबा. कडीचा कोयंडा पहिल्या रातीपासनं पाठीला टोचतोय."

मालकांच्या हातातला घास तसाच ऱ्हायला. वन्संनी त्यांच्या डोक्यावरनं हात फिरवला आन म्हणाल्या, "खा रं नाना, गार व्हतंय."