देव्हाऱ्याची मागची बाजू

इवाकिची शिबामोतोनं अमेरिकेत चाळीस वर्षं सुतारकाम केलं. जपानशी लढाई पेटली तेव्हा सरकारनं तिथल्या सगळ्या जपान्यांबरोबर त्यालाही बायकोसकट काटेरी तारेआड, वाळवंटातल्या बराकीत आणून टाकलं. फळ्यांच्या फटींतून वाळू आत येत होती. तो एवढंच म्हणाला, "असलं ठोकून पगार घेतला कुणीतरी."

त्या वाळूनं बायकोची, त्सुयाची, छाती धरली आणि ती गेली. रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशी तिच्या अस्थी देव्हाऱ्यात ठेवायच्या होत्या. फळ्या त्यानं खोकी फोडून जमवल्या. रंधा मात्र छावणीच्या कचेरीत जप्त होता.

तो सोडवून दिला हार्लननं. जपानी माणसाचं मन शोधायला सरकारनं पाठवलेला हा पंडित जपानला कधी गेलेला नव्हता. त्यानं अट घातली. "दर आठवड्याला माझ्या सहीनं रंध्याचा परवाना मिळेल. तुम्ही फक्त उत्तरं द्यायची."

शेजारचा कुमाकी एका सिगारेटला एक उत्तर विकायचा.

"साहेबाला हवं ते सांगावं, मिस्त्री. काल मी म्हटलं, आम्ही कुत्र्यालासुद्धा वाकून नमस्कार करतो. लिहिलं की!"

"लाज वाटत नाही?"

"लाजेचंच तर विचारत असतो तो!"

शेहेचाळिसाव्या दिवशी समोरची बाजू झाली. इवाकिचीनं देव्हारा फिरवला आणि मागच्या फळीवर रंधा ओढायला घेतला. हार्लन खोक्यावर बसून बघत होता. हाताला कधी घट्टा पडला नसेल, पण पेन्सिल मात्र थांबत नव्हती.

"ही बाजू भिंतीलाच लागणार ना?"

"हो."

"मग कोण बघणार?"

"कुणी नाही."

रंधा चालूच होता. कागदाहून पातळ साल निघत होती. हार्लननं वही वर धरली. "ऐका. 'ह्या लोकांना लाज वाटते ती दुसऱ्याच्या नजरेची. नजर नसेल तिथे त्यांना काहीच बांधत नाही.' बरोबर आहे ना? खाली तुमची सही हवी. परवानाही आज संपतोय, दोन्ही सह्या एकदमच उरकू."

इवाकिचीनं त्याच्याकडे पाहिलं. मग फळीकडे. अर्धी अजून खरबरीत होती.

"चूक आहे."

"मग बरोबर काय?"

"तासभर समोर बसलात, साहेब. डोळे मिटून बसला होतात?"

हार्लनचे कान लाल झाले. "सहकार्य नसेल तर मीही सही करणार नाही."

इवाकिचीनं पात्यावरची धूळ पुसली, रंधा फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

उरलेली अर्धी फळी त्यानं फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडली. धार गेली की दुसरी काच. रंध्याचं तासाभराचं काम काचेनं अडीच दिवस चाललं. बोटं कापली, त्यांना चिंध्या बांधल्या. फळीवर रक्त पडलं, तेवढा भाग पुन्हा खरवडला.

एकोणपन्नासाव्या दिवशी देव्हारा भिंतीला लागला. अस्थी आत गेल्या. हार्लनही आला, अगदी हवा तितकाच वाकला. देव्हारा समोरून बघून "सुंदर" म्हणाला. मग त्याची नजर चिंध्यांवर गेली. त्यानं कुमाकीला कोपऱ्यात घेतलं.

"दुखवट्यात बोटं बांधतात का तुमच्यात?"

कुमाकीनं सिगारेटसाठी हात पुढे केला. "तर! फार जुनी चाल आहे, साहेब."

हार्लननं वही उघडली. इवाकिचीनं उदबत्ती लावली. मागे वळून पाहिलं नाही.