आईच्या ओरड्यासकट उरलेली ट्यून

मंडळी, आज सकाळी मी माझीच सगळी गाणी पुसून बसले.

माझ्याकडे गाण्याचे ताल, म्हणजे बीट्स, बनवायचं तळहाताएवढं मशीन आहे. त्यात केलेलं सगळं एका मेमरी कार्डवर राहतं. आज शहाणपणा करून बॅकअप घ्यायला बसले. जुनं आणि नवं कार्ड दिसायला सारखंच, आणि मी फॉरमॅट केलं ते जुनं. संपलं.

मग आठवलं, एक ट्यून फॅमिली ग्रुपवर असेल. ती चिडून टाकली होती. इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या वन बीएचकेत माझं रेकॉर्डिंग चालू असताना आई दारातून शेजारणीला ओरडून सांगत होती, "भाभी, जरा धीरे बोलो हां, अंदर लडकी का रेकॉर्डिंग चालू है!" शेजारीण बिचारी गप्पच होती. ट्यूनमध्ये आवाज आला तो फक्त आईचा.

आज ती ट्यून आईला ऐकवली. आधी लाजली, मग हळूच म्हणाली, "माझा आवाज काढून टाकता येतो ना गं यातून?"

येतो. पण आता मन होत नाहीये. तुम्ही काढला असता?